माळव्यात बारा बोअरच का?

उज्जैन जिल्ह्यात खाचरोद, बडनगर, महिदपूर या बाजूच्या एखाद्या जुन्या घरात परवान्याची बंदूक निघाली, तर ती बहुतेक वेळा १२ बोअरची दुनळी असते. घर शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात स्थिरावलेल्या मराठी माणसाचे असो, राजपूत जमीनदाराचे असो की सधन शेतकऱ्याचे, बंदुकीचा आकडा बदलत नाही. त्यावरून एक समज पक्का झाला आहे. तित्तर, लावरी, पखुर्डी अशा माळरानावरच्या पक्ष्यांना १२ बोअर सर्वांत योग्य, म्हणूनच ती टिकली, असे लोक मानतात. हा समज पुराव्याला उतरत नाही. माळव्यातल्या पक्ष्यांकडे आणि त्यांच्यामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाकडे पाहून निवड झाली असती, तर १६ किंवा २० बोअर घरोघरी दिसली असती. १२ बोअर रुजली ती काडतुसांच्या बाजारामुळे, परवान्याच्या रीतीमुळे आणि एकाच बंदुकीकडून लावरीपासून रानडुकरापर्यंत सगळे काम करून घेण्याच्या गरजेमुळे. हा फरक लक्षात घेतला नाही, तर माळव्यातल्या शिकारीचा इतिहास चुकीचा वाचला जातो आणि आज मातीच्या तबकड्यांवर नेम धरू पाहणाऱ्या मुलामुलींनाही चुकीचा सल्ला मिळतो.

आधी हा आकडा म्हणजे काय ते पाहू. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या वजनाच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. तिचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर भरतो. १६ गोळ्या केल्या तर १६.८ मिलिमीटर, २० केल्या तर १५.६ आणि २८ केल्या तर १४. आकडा वाढला की नळी बारीक होते, ती यामुळेच. फक्त .४१० ही बंदूक या हिशेबाबाहेरची आहे. तिचा आकडा हा थेट इंचांतला व्यास असतो. ही मोजणी ठासणीच्या बंदुकीच्या काळातली, एका गोळीचा विचार करून ठरलेली. १८६८च्या ब्रिटिश कायद्याने नळ्यांच्या तपासणीसाठी तिला कोष्टकाचे रूप दिले आणि तीच जगभर चालू राहिली. पण छर्ऱ्यांच्या बंदुकीत या आकड्यावरून नळीच्या रुंदीपलीकडे काही कळत नाही. बारात छर्रे किती, ते किती जाड आणि नळीचे तोंड किती आवळलेले, म्हणजे चोक किती, या तीन गोष्टी वेगळ्या ठरतात. पक्षी पडतो तो या तिन्हींच्या मेळाने. मोठी बोअर म्हणजे जोरदार मार हा गैरसमज या तीन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्यामुळे पसरला आहे.

माळव्यात पक्ष्यांची शिकार बंदुकीच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. काळी माती, ज्वारी-हरभऱ्याची शेते आणि गावोगावची राखीव कुरणे, ज्यांना इथे बीड म्हणतात, यांमुळे उज्जैनच्या आसपास तित्तर-लावरीला तोटा नव्हता. १६१७ साली जहांगीर माळव्यात होता. उज्जैनला त्याने जदरूप गोसाव्याची भेट घेतली आणि त्याच वर्षी आपल्या आयुष्यभराच्या शिकारीची मोजदाद आत्मचरित्रात नोंदवली: स्वतःच्या हाताने मारलेले १७,१६७ जीव, त्यांत १३,९६४ पक्षी, आणि त्या पक्ष्यांतही १०,३४८ कबुतरे. आकडे मोठे आहेत, पण उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवण्याची कला तेव्हा इथे रुळलेली नव्हती. तोड्याच्या बंदुकीत चाप ओढल्यावर पेटता तोडा कानावरच्या दारूत उतरायचा, मग आतला बार पेटायचा. तेवढ्या वेळात तित्तर शेताच्या पलीकडे गेलेला असे. उडता पक्षी धरणे हे बाज आणि बहिरी ससाण्याचे काम. जमिनीवरचा पक्षी धरणे हे फासेपारध्यांचे, आणि त्यांच्या फाशांना व पाळलेल्या बोलक्या तित्तराला ना दारू लागे ना शिसे. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले तेव्हापासून दौलतरावांनी १८१० साली ते ग्वाल्हेरला हलवले तोपर्यंतचा सारा काळ या जुन्या पद्धतीचाच होता.

उडत्या पक्ष्यावर खात्रीने बार टाकता येऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समधल्या लफोशोची मागून भरायची बंदूक १८५१च्या लंडन प्रदर्शनात लोकांच्या नजरेत भरली. १८६१ साली डॉ या इंग्रज बंदूकवाल्याने मध्यभागी टोपी असलेले काडतूस बाजारात आणले, १८७५ साली अँसन आणि डीली यांनी बाहेर घोडे नसलेली दुनळी दिली, आणि त्याच दशकात बंदूकवाले ग्रीनर यांनी नळीचे तोंड आवळून छर्ऱ्यांचा फैलाव आटोक्यात आणण्याची पद्धत लोकप्रिय केली. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडासारख्या दुकानांतून हा माल हिंदुस्थानभर पोचू लागला. म्हणजे पक्ष्यांसाठी बोअर निवडण्याचा प्रश्न उज्जैनमध्ये पडला तो फार तर दीडशे वर्षांपूर्वी. त्याचे उत्तर अनादी परंपरेत शोधण्यात अर्थ नाही, ते या दीडशे वर्षांतच शोधावे लागते. आणि शिकारीच्या आठवणी इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. संस्थानी शिकारीचे कागद वाघांनी भरलेले आहेत. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी पुस्तक लिहिले तेही वाघाच्या शिकारीवर. तित्तराची बंदूक कोणती, हे पक्ष्याचे वजन, बाराचे वजन आणि बाजारातला माल यांच्यावरूनच ताडावे लागते.

तर मग पक्ष्यांपासूनच सुरुवात करू. माळव्यातला करडा तित्तर पाव किलोपासून साडेतीनशे ग्रॅमपर्यंत भरतो. पखुर्डी दोनशे ग्रॅमच्या आसपास. हरभरा-गहू पिकताना शेतात उतरणारी लावरी जेमतेम शंभर ग्रॅमची. गवतातून उड्या मारणारा तणमोर, ज्याला माळव्यात खरमोर म्हणतात, तोही अर्ध्या किलोच्या आतबाहेरच. यांतला एकही पक्षी जाड कातडीचा नाही, आणि तित्तर-लावरी उठतात त्या पायांजवळून. बार पडतो तो बहुधा वीस-पंचवीस मीटरांवर. आता बाराचा हिशेब. जुन्या इंग्रजी मापात १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असत, १६ बोअरमध्ये साडेसव्वीस, २० बोअरमध्ये २३ आणि २८ बोअरमध्ये १६. एका औंसात ६ नंबरचे २७० आणि त्यांहून बारीक ८ नंबरचे ४५० छर्रे बसतात. म्हणजे १२ बोअरच्या ६ नंबरच्या काडतुसात झाले सुमारे २८७ छर्रे, तर २० बोअरच्या ८ नंबरच्या काडतुसात ३६६. लावरीसारख्या चिमुकल्या पक्ष्याभोवती छर्ऱ्यांचे जाळे दाट हवे, एकेका छर्ऱ्याचा जोर नको. ते जाळे २० बोअर पुरेपूर विणते. १२ बोअरमध्ये ८ नंबर घातला तर छर्रे ४७८ होतात हे खरे, पण जवळच्या पक्ष्यावर एवढा बार म्हणजे हाती उरते ते छर्ऱ्यांनी फुटलेले मांस.

दुसरी बाजू चालणाऱ्या माणसाची. ग्रीनर यांच्या नावावर एक नियम सांगितला जातो: खांद्याला बसणारा धक्का सुसह्य राहायचा, तर बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट हवे. ३० ग्रॅमच्या बाराला या हिशेबाने सुमारे २.९ किलोची बंदूक लागते. २३ ग्रॅमच्या बाराला सव्वादोन किलोही पुरते, आणि प्रत्यक्षातल्या २० बोअर अडीच किलोच्या आसपास असतात. चारशे ग्रॅमचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण माळव्यातली तित्तराची शिकार मचाणावर बसून होत नाही. हाकारे पुढे, बंदूकवाला मागे, आणि पायांखाली काळी माती, पाऊस ओसरल्यावरही जोड्याला धरून राहणारी. अशा शेतातून दुपारपर्यंत चालल्यावर जड बंदूक खांद्यावर उशिरा येते आणि नेम पक्ष्याच्या मागे पडतो. पक्षी, अंतर आणि पाय या तिन्हींचा कौल हलक्या बोअरकडेच जातो.

मग १२ बोअर जिंकली कशी? पहिले कारण काडतुसांचे. काडतूस विलायतेहून यायचे, बंदरातून कलकत्ता-मुंबईच्या दुकानात, तिथून रेल्वेने संस्थानात. आजचा उज्जैन जिल्हा तेव्हा एकाच राजवटीत नव्हता: उज्जैन, खाचरोद, बडनगर शिंद्यांकडे, महिदपूर आणि तराना होळकरांकडे. एवढ्या लांब आणि तुकड्या-तुकड्यांच्या वाटेवर दुकानदार जो माल हमखास खपेल तोच भरून ठेवणार, आणि तो १२ बोअरचा. शिवाय जुनी काडतुसे कागदी पुठ्ठ्याची. पावसाळी हवेत पुठ्ठा फुगतो, आणि फुगलेले काडतूस नळीत अर्धेच जाऊन अडते. खोके खराब झाले तर १२ बोअरवाल्याला दुसरे मिळे. २० बोअरवाल्याची बंदूक पुढचा माल येईपर्यंत खुंटीवर. आणखी एक धोका होता. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत गेले, तर ते घसरून पुढे अडकते. नळी रिकामी समजून मागून १२ बोअरचे काडतूस भरले आणि चाप ओढला की नळी फुटते आणि हात जायबंदी होतो. पुढे २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात येऊ लागली ती याच भीतीने. एका घरात दोन बोअर न ठेवणे हा त्यामुळे शहाणपणाचा भाग होता, आणि एकच ठेवायची तर जिचे काडतूस मिळते ती, हे ओघानेच आले.

स्वातंत्र्यानंतर ही निवड आणखी घट्ट झाली. इशापूरच्या सरकारी कारखान्यात १२ बोअरची दुनळी बनू लागली, मुंगेरच्या परवानाधारक कारागिरांनीही तोच आकडा धरला, आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे देशभरच्या दुकानांत पोचली ती १२ बोअरची. परदेशी मालावर निर्बंध आल्यावर १६ आणि २० बोअरच्या बंदुका चांगल्या स्थितीत असूनही मुक्या झाल्या. कायद्याने हे घडवले असे मात्र म्हणता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या १३व्या कलमात संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याची वाट सोपी ठेवली आहे. बोअरचा आकडा त्यात नाही. कायद्याने गुळगुळीत नळीला दार उघडले आणि बाजाराने त्या दारातून फक्त १२ बोअर आत आणली. त्यात एका परवानाधारकाकडे किती शस्त्रे असावीत यावर मर्यादा आली. आधी तीन होती, २०१९च्या दुरुस्तीने दोन झाली. मोजकीच शस्त्रे ठेवता येत असतील, तर पक्ष्यांसाठी खास वेगळी हलकी बंदूक कोण ठेवणार?

यावर पहिला आक्षेप उघड आहे. १२ बोअर सर्व कामांची, म्हणूनच ती श्रेष्ठ. एका नळीत लावरीला ८ नंबर, तित्तराला ६ नंबर, रानडुकराला एलजी किंवा एसजीचे मोठे छर्रे, आणि वेळ पडली तर एकच गोळी. १८८५ साली फॉस्बेरी यांनी पेटंट घेतलेली पॅराडॉक्स नळी, म्हणजे छर्रे आणि गोळी दोन्ही फेकणारी, हिंदुस्थानात लोकप्रिय झाली ती याच सोयीमुळे. हा आक्षेप खरा आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. रानडुक्कर आणि नीलगायीपासून पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला १२ बोअरच हवी होती. त्याची निवड बरोबर होती. पण ती राखणदाराची निवड होती. रात्री माळ्यावर बसणाऱ्या राखणदाराची बंदूक सकाळी तित्तरावर चालली म्हणून ती तित्तराची बंदूक ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बारीक बोअरने पक्षी मरत नाहीत, जखमी होऊन उडून जातात आणि झुडपात तडफडून मरतात, असे म्हणतात. शिकारीत याहून वाईट काही नाही, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. छर्रा नळीतून सुटतो तो १२ बोअरमधून काय आणि २० बोअरमधून काय, जवळपास सारख्याच वेगाने. एकेका छर्ऱ्याचा मार बोअरने बदलत नाही. फैलाव ठरतो तो चोकने. मेजर जेरल्ड बरार्ड यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांच्या ग्रंथात असल्या समजुती मोजमापांनी तपासल्या आहेत. फरक पडतो तो छर्ऱ्यांच्या संख्येत, आणि तोही लांबवर. पाणवठ्यावर वेगाने येणाऱ्या पखुर्ड्यांवर ३५-४० मीटरांवरून बार टाकायचा, तर ३० ग्रॅमचा बार २३ ग्रॅमपेक्षा नक्कीच चांगला. तिथे १२ बोअरचे पारडे जड आहे हे मान्य करायला हवे. .४१०बद्दलही आक्षेप खरा ठरतो. तिच्या बारात छर्रे इतके कमी की उडत्या पक्ष्यावर ती कसलेल्या हातातच शोभते. नवशिक्याला हलकी म्हणून ती देणे ही पक्ष्यावर आणि शिकणाऱ्यावर दोघांवरही क्रूरता आहे. पण वीस-पंचवीस मीटरांवरच्या तित्तर-लावरीला १६ आणि २० बोअर कमी पडतात, याला काही आधार नाही. पक्षी जखमी होऊन सुटतात ते बहुधा आवाक्याबाहेर बार टाकल्याने, आणि हातात मोठी बोअर आहे हा भरवसाच तो मोह वाढवतो.

या सगळ्याचा स्वच्छ पुरावा मातीच्या तबकडीवर मिळतो, कारण तिथे नियम लिहिलेले आहेत आणि गुण मोजलेले आहेत. १८८० साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी जिवंत कबुतरांऐवजी उडवायची मातीची तबकडी काढली. ट्रॅप हा प्रकार १९०० सालीच ऑलिम्पिकमध्ये आला, स्कीट १९६८ साली. भारतात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. बिकानेरचे करणीसिंह यांनी १९६२च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले, २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले, आणि भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत शिकलेल्या मनीषा कीर हिने २०१८च्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटाच्या ट्रॅपमध्ये रौप्य आणले. हे सारे १२ बोअरवर. पण नियम बारकाईने पाहा. ऑलिम्पिक प्रकारांत १२पेक्षा मोठी बोअर चालत नाही, लहान चालते; आणि काडतुसातले छर्रे २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत. एकेकाळी ही मर्यादा ३२ ग्रॅम होती, मग २८ झाली, १९९०च्या दशकात २४ वर आली. २४ ग्रॅम म्हणजे २० बोअरचा बार. ११० मिलिमीटरच्या तबकड्या जगातले उत्तम नेमबाज गेली तीस वर्षे २० बोअरच्या बारानेच फोडत आहेत, फक्त नळी १२ची आहे. ती का, याचेही कारण स्पष्ट आहे. तिथे चालायचे नसते. साडेतीन-पावणेचार किलोची जड बंदूक हलका बार झेलते, शेकडो काडतुसांनंतरही खांदा दुखत नाही, आणि वजनामुळे झोका अखंड राहतो. अमेरिकी स्कीटमध्ये तर १२, २०, २८ आणि .४१० अशा चार स्वतंत्र स्पर्धा होतात. मैदानावर १२ बोअर योग्य ठरते ती वजनासाठी. शेतात ती अयोग्य ठरते तीही वजनासाठीच.

तिसरा आक्षेप असा येईल की शिकारच बंद आहे, मग ही चर्चा कशाला? १९७२च्या वन्यजीव कायद्यात लहान शिकारीचे परवाने होते. २ ऑक्टोबर १९९१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते संपले. ही बंदी योग्य आहे आणि ती सैल होता कामा नये. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. बोअर लहान असती म्हणून त्या दिवशी पक्षी वाचले नसते. खरमोराचेही तेच. पावसाळ्यात नर गवताच्या वर उडी मारून मादीला बोलावतो, आणि ऐन विणीच्या दिवसांत त्याच उडीवर नेम धरला जाई. त्याच्यासाठी १९८३ साली रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही अभयारण्ये झाली, तरी आज तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. बंदुका थांबून तीन दशके झाली आणि पक्षी वाढला नाही, याचे मोठे कारण नांगराखाली गेलेली बीडे आणि त्यांच्या जागी पसरलेले सोयाबीन. शिकारीचा इतिहास काटेकोर लिहायचा तो यासाठीच. बंदुकीचा दोष किती, बाजाराचा किती आणि शेतीबदलाचा किती, हे वेगळे काढता आले पाहिजे. ‘आमच्या वाडवडिलांनी पक्ष्यांसाठी निवडलेली १२ बोअर’ अशा अभिमानाच्या वाक्यात हे तिन्ही झाकले जातात.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्या मुलामुलींना तबकडीच्या नेमबाजीकडे जायचे आहे, त्यांनी मोठ्या बोअरच्या मोहात किंवा भीतीत न पडता आधी मुलाच्या अंगाचा विचार करावा. बंदूक त्याला खांद्यापर्यंत सहज उचलता येते का, दस्ता गालाला नीट बसतो का, २४ ग्रॅमचा धक्का तो डोळे न मिटता सोसतो का, हे पाहून मगच बंदूक ठरवावी. सुरुवात २० बोअरने झाली तरी काही बिघडत नाही. आणि उज्जैनच्या ज्या घरांत जुने परवाने, काडतुसांच्या पावत्या, बंदुकीच्या दुकानांची सूचीपत्रे किंवा शिकारीच्या वह्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्या जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला द्याव्यात. माळव्यातल्या पक्ष्यांचे काय झाले, याचे उत्तर वाघांच्या छायाचित्रांत सापडणार नाही. ते या कागदांतच आहे.